क्युरेटरच्या मदतीला: कला-इतिहासाच्या पुस्तकासाठी संशोधन कसं करावं

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या चित्रकारांवर एक पुस्तक व्हायचं आहे. कालखंड १८५७ ते १९४७. लिहिणार आहेत संग्रहालयाच्या क्युरेटर आणि त्यांच्या हाताखाली तुम्ही नव्याने लागला आहात, असं धरून हा लेख लिहिला आहे. विषय लघुचित्रांचा असो की तांब्याच्या मूर्तींचा, कामाची रीत फारशी बदलत नाही. पण एक विषय समोर असला की सांगणं सोपं जातं.

साहाय्यकाचं काम एका वाक्यात सांगता येतं. पुस्तकातल्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवून क्युरेटरनी विचारलं, "हे कुठून आलं?", तर दोन मिनिटांत मूळ कागद किंवा मूळ चित्र त्यांच्यासमोर ठेवता आलं पाहिजे. पुढे जे जे सांगितलं आहे ते त्यासाठीच.

पहिल्या आठवड्यात

ग्रंथालयात धाव घेण्याआधी क्युरेटरसोबत तासभर बसा आणि या गोष्टी लिहून घ्या: प्रकरणं किती, चित्रं किती (रंगीत किती, एकरंगी किती), पुस्तक मराठीत की इंग्रजीत की दोन्हींत, हस्तलिखित प्रकाशकाकडे कधी द्यायचं, आणि कोणते मुद्दे त्यांच्या लेखी पक्के आहेत नि कोणते अजून उघडे आहेत. शेवटचा प्रश्न विचारायला नवखे लाजतात. मग सहा आठवडे राबून जे शोधून काढतात, ते क्युरेटरनी दहा वर्षांपूर्वीच छापलेलं असतं. त्यांचे आधीचे लेख, कॅटलॉग, भाषणांची टिपणं आधी मागून घ्या आणि वाचा.

मग चार फायली उघडा. पहिली कृतींची यादी, दुसरी कालपट, तिसरी स्रोतांची नोंद, चौथी परवानग्यांचा तक्ता. साधी स्प्रेडशीट पुरते. प्रत्येक फायलीत "स्रोत" हा रकाना ठेवा आणि तो कधीही रिकामा सोडू नका. त्याच्या शेजारी "खात्री" नावाचा रकाना असू द्या आणि त्यात तीनच शब्द वापरा: मूळ, दुय्यम, ऐकीव. चित्रावरची तारीख स्वतः वाचली तर "मूळ". कुणाच्या लेखातून घेतली तर "दुय्यम". घरच्यांनी सांगितली तर "ऐकीव". वर्षभराने शंभर नोंदी एकमेकींशी भांडू लागतात, तेव्हा कुणाचं ऐकायचं हे या एका रकान्यावरून ठरतं.

आधी चित्र, मग कागद

नवखा माणूस पुस्तकातून सुरुवात करतो. अनुभवी माणूस स्टोअरमधून, म्हणजे संग्रहालयाच्या वस्तू ठेवण्याच्या कोठारातून, करतो. चित्र स्वतः बघितल्याशिवाय त्याच्याबद्दलचं जुनं लिखाण तपासता येत नाही, कारण जुन्या लिखाणातल्या चुका बहुतेक वेळा चित्र न बघता एकमेकांवरून उतरवून घेतलेल्या असतात.

स्टोअरमध्ये जाताना पेन बाहेर ठेवा. आत फक्त पेन्सिल, एचबी किंवा टूबी. अंगठ्या, घड्याळ, गळ्यातलं ओळखपत्र काढून ठेवा, कारण वाकून बघताना लोंबणारं ओळखपत्र थेट रंगाच्या थरावर घासतं. कागदावरच्या चित्रासाठी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. हातमोज्यांपेक्षा हे बरं, कारण सुती मोजा कागदाच्या फाटक्या कडेत अडकतो आणि बोटांना कागदाची जाडी कळत नाही. जुनी छायाचित्रं आणि धातू हाताळताना मात्र नायट्राइलचे मोजे हवेतच. कागद कोपऱ्याला धरून उचलायचा नाही. खाली आम्लरहित पुठ्ठा सरकवायचा आणि पुठ्ठ्यासकट उचलायचा. जलरंगाचं चित्र पाहताना उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास ठेवा आणि काम झालं की झाकून टाका. आणि हलवायचं असेल तेव्हा संग्रहालयाच्या माणसालाच हलवू द्या. ते काम तुमचं नाही.

आता मोजमाप. मराठी-इंग्रजी कला-पुस्तकांत आधी उंची, मग रुंदी, सेंटिमीटरमध्ये, एक दशांशापर्यंत. चौकटीसह माप आणि चौकटीविना माप वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. एकच माप लिहिलं आणि कुठलं ते लिहिलं नाही, तर ती नोंद निरुपयोगी आहे. जुन्या नोंदवहीत मापं इंचात असतात आणि बऱ्याचदा रुंदी आधी लिहिलेली असते. २.५४ ने गुणून आलेला आकडा टेपने पुन्हा पडताळा. माउंटमध्ये (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या कडेत) बसवलेल्या जलरंगचित्राच्या बाबतीत दिसणारा भाग आणि पूर्ण कागद यांत दोन-तीन सेंटिमीटरचा फरक सहज निघतो. म्हणून "दृश्य माप" असं स्पष्ट लिहा.

सही, तारीख आणि पाठीवरचा मजकूर आहे तसा उतरवायचा. शुद्धलेखन सुधारायचं नाही, लघुरूप फोडायचं नाही. ओळ जिथे तुटते तिथे तिरकी रेघ मारायची, न वाचता आलेल्या अक्षराच्या जागी चौकटी कंसात टिंबं द्यायची. एक नोंद साधारण अशी दिसते (क्रमांक आणि तपशील नमुन्यादाखल):

ॲक्सेशन नंबर (वस्तू संग्रहात दाखल होताना मिळालेला क्रमांक): ५५.११२. कागदावर पारदर्शक जलरंग. दृश्य माप ३४.२ × २४.८ सेंमी, चौकटीसह ५२.० × ४१.५ सेंमी. सही व तारीख उजवीकडे खाली, तपकिरी रंगात. पाठीवर: छापील चिठ्ठी, शाईने "१४७", त्याखाली पेन्सिलने "रु. ७५ / [..]कर". चौकट बनवणाऱ्याची चिठ्ठी, गिरगावचा पत्ता. डावीकडे वर पाण्याचा जुना डाग. पाहिल्याची तारीख आणि पाहणाऱ्याची आद्याक्षरं.

या नोंदीतला सगळ्यात मोलाचा तुकडा आहे तो "१४७". १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीची प्रदर्शनं दरवर्षी भरत. प्रदर्शनाच्या छापील यादीत अनुक्रमांक, शीर्षक, चित्रकाराचं नाव आणि किंमत येते. पाठीवरचा क्रमांक आणि किंमत या दोन्ही गोष्टी एखाद्या वर्षीच्या यादीत त्याच चित्रकाराच्या नावापुढे जुळल्या, तर चित्राचं मूळ शीर्षक हाती लागतं आणि ते निदान कोणत्या वर्षाआधी रंगवलं गेलं तेही कळतं. नुसता क्रमांक जुळला तर थांबा. १४७ दरवर्षीच असतो.

म्हणून चित्राच्या पाठीचं छायाचित्र दर वेळी घ्या. नवी चौकट करताना जुना पुठ्ठा फेकून दिल्यामुळे किती पुरावा गेला असेल याची गणती नाही. पुढे चौकट बदलायची वेळ आली, तर जुनी पाठ जपून ठेवायला सांगणं हेही तुमच्या कामात धरा.

तैलचित्र की छापील?

या कालखंडात काम करताना भिंगाशिवाय पाऊल टाकू नये. रवि वर्मा प्रेसची ओलिओग्राफं (तैलचित्रासारखी दिसणारी, दगडावरून छापलेली रंगीत चित्रं) घरोघरी गेली. त्यांतली कित्येक व्हार्निश लावून, कापडावर चिकटवून, सोनेरी चौकटीत बसवून "तैलचित्र" म्हणून संग्रहांत आली. दहापट मोठं दाखवणारं भिंग (छापखान्यात वापरतात तो लूप) घ्या आणि चेहऱ्याच्या सावलीचा भाग बघा.

हाताने रंगवलेलं तैलचित्र असेल तर कुंचल्याच्या कडा दिसतात, रंग कॅनव्हासच्या विणीच्या खळग्यांत उतरलेला असतो आणि दोन रंग ओले असताना एकमेकांत ओढले गेल्याच्या खुणा मिळतात. दगडावरून छापलेलं असेल तर त्वचेचा रंग गुलाबी, पिवळसर, करड्या अशा अनेक बारीक ठिपक्यांनी बनलेला दिसतो आणि ठिपके ओबडधोबड, रांगेत नसलेले असतात. ठिपके शिस्तीत, फुलाच्या पाकळ्यांसारख्या गोलाकार नक्षीत बसलेले दिसले, तर ती अलीकडची ऑफसेट छपाई.

दुसरी चाचणी तिरक्या उजेडाची. टॉर्च चित्राच्या पातळीशी अगदी थोडा कोन करून धरा. ओलिओग्राफवर कॅनव्हाससारखा खरखरीत ठसा दाबून उठवलेला असू शकतो, पण त्या ठशाच्या रेषा साडीच्या चुणीशी किंवा गालाच्या वळणाशी जुळत नाहीत. सगळीकडे एकसारख्या पसरलेल्या असतात. कुंचल्याच्या रेषा आकाराबरोबर वळतात. एकदा हा फरक डोळ्यांत बसला की पुन्हा विसरत नाही.

छापील असल्याचं निघालं तर खालच्या कडेची बारीक अक्षरं शोधा. प्रेस १८९४ मध्ये गिरगावात सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यामुळे "कार्ला-लोणावळा" असा छाप असलेली प्रत स्थलांतरानंतरचीच. चौकटीच्या माउंटखाली ही ओळ हमखास झाकलेली असते किंवा कापलेली असते. कापलेली असेल तर तसं लिहा, अंदाजाने वर्ष भरू नका.

कागद कुठे शोधायचे

संग्रहालयाच्या स्वतःच्या कागदांपासून सुरुवात करा: ॲक्सेशन रजिस्टर, देणगीदारांचा पत्रव्यवहार, जुनी छायाचित्रं, उसनवारीच्या फायली. रजिस्टर वाचताना सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे चित्र संग्रहालयात आल्याचं वर्ष चित्र काढल्याचं वर्ष समजणं. १९२२ साली नोंदलेलं चित्र १८९५ चं असू शकतं.

संस्थांची नावं बदलली आहेत हे सतत ध्यानात ठेवा. आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय जुन्या कागदांत प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम आहे. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १९७५ पर्यंत व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं, आणि लंडनलाही त्याच नावाचं संग्रहालय आहे. जुन्या लेखात "व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये पाहिलं" असं असेल तर भायखळा की लंडन, हे आधी ठरवा.

कलाशाळेचा कारभार मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याशी जोडलेला होता. म्हणून नेमणुका, शिष्यवृत्त्या, परीक्षा, इमारतीचा खर्च यांचे कागद काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र पुराभिलेखागारात, शिक्षण खात्याच्या खंडांत शोधायचे. जाताना संस्थेच्या लेटरहेडवर क्युरेटरच्या सहीचं ओळखपत्र, सरकारी ओळखपुरावा आणि त्याच्या दोन-दोन प्रती न्या. पत्रात विषय आणि कालखंड नेमका लिहा. "कलाविषयक कागदपत्रे" असं मोघम लिहिलंत, तर काय काढून द्यायचं हे तिथल्या माणसाला कळत नाही आणि दिवस जातो. आधी सूची, मग मागणी-चिठ्ठी. खंड मिळायला वेळ लागतो, म्हणून सकाळी पोचताच पहिली मागणी द्या आणि ती येईतो दुसरी सूची चाळा.

कोल्हापूरचे चित्रकार पुस्तकात असतील, आणि अबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांना वगळून हे पुस्तक होणारच नाही, तर कोल्हापूरच्या पुरालेखागारातली करवीर दरबारची दप्तरं बघायला हवीत. इथे मोडी लागतं. कागद रुमालांत बांधलेले असतात. रुमाल सोडला की कागदांचा क्रम मोडू नका, कारण तो क्रम हाच त्यांचा पत्ता आहे. मोडी येत नसेल तर कागदाचा फोटो (परवानगी घेऊन) आणि रुमाल क्रमांक घ्या, मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्या आणि लिप्यंतर करणाऱ्याचं नाव स्रोताच्या रकान्यात लिहा. "मोडी कागदावरून" एवढीच नोंद पुरत नाही.

मासिकं ही या विषयाची खरी खाण. १८९५ साली निघालेलं 'मनोरंजन', ज्याचा १९०९ चा दिवाळी अंक मराठीतला पहिला मानला जातो. १९१६ मध्ये मुंबईहून सुरू झालेलं गुजराती 'वीसमी सदी', ज्यात चित्रकार म. वि. धुरंधरांची चित्रं आहेत. बांधीव खंडांत एक अडचण कायमची: बांधणाऱ्याने मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकलेली असतात, आणि चित्रकाराचं काम नेमकं तिथेच असतं. म्हणून एका ग्रंथालयात "मुखपृष्ठ नाही" असं आढळलं, तर दुसऱ्या ग्रंथालयातला सुटा अंक शोधा.

वर्तमानपत्रांच्या संगणकीय संग्रहात शोधताना नावाची किमान चार-पाच रूपं टाका. चित्रकार पिठावालांच्या इंग्रजी नावातला "एल" एकदा की दोनदा, धुरंधरांच्या नावातले दोन्ही "एच" ठेवून आणि गाळून, चित्रकार त्रिंदादांचं पूर्ण नाव आणि नुसती आद्याक्षरं. जुनी छपाई यंत्राने वाचताना ओळीच्या शेवटी तुटलेलं नाव सापडतच नाही. म्हणून नावाने काही मिळालं नाही, तर प्रदर्शनाच्या महिन्यातले अंक पानपान उलटून बघा. कंटाळवाणं काम आहे, पण नवं तिथेच सापडतं.

यातून एक नाम-सूची तयार करा: प्रमाण रूप एक, त्याखाली सगळी पर्यायी रूपं, जन्म-मृत्यूची वर्षं. कृतींच्या नावांचंही तसंच. गणपतराव म्हात्रे यांचं शिल्प इंग्रजी लिखाणात 'टू द टेंपल' आणि मराठीत 'मंदिरपथगामिनी'. नाम-सूची नसेल तर एकाच शिल्पाच्या दोन नोंदी होतात आणि एका प्रकरणात म्हात्र्यांनी दोन पुतळे घडवलेले असतात.

कागद टिपण्याची शिस्त

कुठलाही ग्रंथ किंवा खंड उघडला की आधी मुखपृष्ठाचा फोटो, मग शीर्षकपानाचा, मग हवी ती पानं, पानाचा क्रमांक दिसेल अशी. त्याच दिवशी संध्याकाळी फोटो संगणकावर उतरवून फोल्डरला नाव द्या: तारीख, संस्था, खंड क्रमांक, या क्रमाने. उद्यावर टाकलंत तर पन्नास एकसारख्या पिवळ्या पानांतून कुठलं कुठल्या खंडाचं हे सांगता येत नाही आणि पुन्हा जावं लागतं. शब्दशः उतरवलेला मजकूर अवतरणचिन्हांत, स्वतःचा सारांश अवतरणाविना. हे दोन मिसळले तर पुस्तकात नकळत दुसऱ्याची वाक्यं जातात, आणि दोष क्युरेटरच्या माथी येतो.

तारखा

शके वर्षात ७८ मिळवले की इसवी सन येतं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण वर्ष गुढीपाडव्याला बदलतं. म्हणून शके १८१७ मधल्या चैत्र ते डिसेंबरअखेरच्या तारखेला १८९५, आणि जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या तारखेला ७९ मिळवून १८९६. नुसतं "शके १८१७" लिहिलं असेल, तर "१८९५-९६" असंच ठेवा. गुजराती मासिकावरचा विक्रम संवत कार्तिकात बदलतो: कार्तिक ते डिसेंबर ५७ वजा, पुढे आश्विनापर्यंत ५६ वजा. म्हणजे संवत १९७२ चा मार्गशीर्ष १९१५ मधला असू शकतो, पण चैत्र १९१६ चा. उत्तरेकडे हाच संवत चैत्रात बदलतो, तेव्हा कागद कुठला ते आधी बघा. दख्खनच्या फसली सनात (शेतसाऱ्याच्या हिशेबाचं वर्ष) ५९० किंवा ५९१ मिळवायचे. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचं, त्यामुळे त्यात ठरावीक आकडा मिळवून चालत नाही. तिथे जंत्री उघडायची. कालपटात मूळ तारीख आणि रूपांतरित तारीख दोन्ही ठेवा. रूपांतर चुकलं असेल तर मूळ तारीख हाताशी राहते.

आणखी एक. कागदावर उल्लेख आहे म्हणून कृती आज अस्तित्वात आहे असं धरू नका. कलाशाळेतले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. चित्रकार पेस्तनजी बोमनजी त्या विद्यार्थ्यांत होते. त्या नकला लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या बऱ्याच नष्ट झाल्या. याद्यांत त्या सगळ्या जिवंत दिसतात. कृतींच्या यादीत "शेवटचं कुणी, कधी, कुठे पाहिलं" हा रकाना हवा.

चित्रकारांच्या घरी

वारसांकडे अल्बम, स्केचबुकं, पत्रं, पदकं असतात. पहिली भेट पाहण्यासाठी नव्हे, ओळखीसाठी ठेवा. क्युरेटरचं पत्र आधी पाठवा, वेळ त्यांच्या सोयीने घ्या. आजी-आजोबा बोलत असतील तर ध्वनिमुद्रणाची परवानगी स्पष्ट विचारा आणि मुद्रणाच्या सुरुवातीला तारीख, जागा व त्यांची संमती त्यांच्याच आवाजात येऊ द्या. फोटो दाखवून प्रश्न विचारले की आठवणी नेमक्या होतात: "या फोटोत उजवीकडे कोण?" हा प्रश्न "त्या काळाबद्दल सांगा" यापेक्षा कितीतरी कामाचा. ऐकलेली वर्षं "ऐकीव" म्हणून नोंदवा. तोंडावर खोडू नका, नंतर कागदाशी ताडून बघा.

मूळ वस्तू घरी घेऊन येऊ नका, कुणी प्रेमाने देऊ केली तरी. तिथेच फोटो घ्या. न्यायचीच असेल तर संस्थेच्या पावतीवर, वस्तूची अवस्था लिहून, दोघांच्या सह्यांनी आणि परतीच्या तारखेसह.

छायाचित्रं आणि परवानग्या

छपाईसाठी ३०० पिक्सेल प्रति इंच हवेत, प्रत्यक्ष छापील आकारात. हिशेब सोपा: छापील रुंदी सेंटिमीटरमध्ये, भागिले २.५४, गुणिले ३००. पुस्तकाचं पान २१ सेंमी रुंद आणि चित्र पानभर असेल, तर सुमारे २४८० पिक्सेल. तपशील मोठा करून छापायचा असेल तर तो तपशीलच तेवढ्या पिक्सेलचा हवा. फाइल टिफ स्वरूपात, पहिल्या फोटोत रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवलेली. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो छपाईला चालत नाही, पाठवताना तो आकुंचन पावतो. ईमेलने किंवा ड्राइव्हवरून मूळ फाइल मागा. फाइलच्या नावात ॲक्सेशन नंबर, मग "पुढे", "मागे" किंवा "सही".

परवानगी दोन वेगळ्या गोष्टींची असते, आणि नवखे इथे हमखास घसरतात. एक, चित्राचा स्वामित्वहक्क. दोन, चित्र ज्याच्याकडे आहे त्या संस्थेची छायाचित्र वापरण्याची परवानगी. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. धुरंधर १९४४ मध्ये गेले, त्यांचा हक्क २००४ अखेर संपला. सावळाराम हळदणकर १९६८ मध्ये गेले, त्यांचा २०२८ अखेरपर्यंत आहे. नारायण श्रीधर बेंद्रे १९९२ मध्ये गेले, म्हणजे २०५२ अखेरपर्यंत. तेव्हा धुरंधरांच्या चित्राला वारसांची कायदेशीर परवानगी लागत नाही, पण ते ज्या संग्रहालयात आहे त्याची लागते. हळदणकरांच्या चित्राला दोन्ही.

संस्थेला पत्र पाठवताना हे सगळं पहिल्याच पत्रात द्या: कृतीचं नाव आणि ॲक्सेशन नंबर, पुस्तकाचं तात्पुरतं नाव, प्रकाशक, भाषा, प्रतींची संख्या, चित्राचा आकार (पानभर, अर्धं पान), आतल्या पानावर की मुखपृष्ठावर, आणि ई-पुस्तकही निघणार का. यातलं एक राहिलं की पत्र परत येतं आणि महिना जातो. पणजीच्या फुंदासांव ओरियेंत या संस्थेकडे त्रिंदादांचा संग्रह आहे, बडोद्याच्या संस्थानी संग्रहांत, औंधच्या श्री भवानी संग्रहालयात वेगळी चित्रं आहेत. प्रत्येक ठिकाणची पद्धत वेगळी, म्हणून हस्तलिखित द्यायच्या किमान सहा महिने आधी पत्रं जाऊ द्या. परवानगी आली की तिच्यातली सौजन्य-ओळ (चित्र कुणाच्या सौजन्याने छापलं हे सांगणारी ओळ) अक्षरशः उतरवा. ती स्वतःच्या मनाने आखूड करू नका. तक्त्यात पत्र पाठवल्याची, स्मरणपत्राची, उत्तराची आणि शुल्क भरल्याची तारीख वेगवेगळी ठेवा.

प्रूफं आली की

मजकुराचं मुद्रितशोधन प्रकाशक करतो. चित्रांचं तुम्हाला करावं लागतं. प्रत्येक चित्र आरशातल्यासारखं उलटं तर बसलेलं नाही ना, हे सहीवरून बघा. सही नसेल तर साडीचा पदर, अंगरख्याच्या बंदाची बाजू, हातातली लेखणी यांवरून, आणि तेही पुरलं नाही तर स्टोअरमधल्या तुमच्या फोटोशी ताडून. कडा छाटल्या गेल्या आहेत का ते बघा. सही असलेला कोपरा छाटणं हा मांडणी करणाऱ्यांचा नेहमीचा प्रमाद. रंगीत प्रूफ संग्रहालयात नेऊन मूळ चित्राशेजारी धरा. दोन्हींवर एकच उजेड हवा. खिडकीतल्या उन्हात प्रूफ आणि बल्बखाली चित्र, अशी तुलना करू नका. धुरंधरांच्या जलरंगांत कागदाचा पांढरा हाच उजेड असतो. तो प्रूफमध्ये पिवळसर आला तर सगळं चित्र मेल्यासारखं दिसतं. त्या प्रूफवर "कागद पांढरा हवा" असं स्टोअरबाहेर आल्यावर पेनाने स्पष्ट लिहून परत पाठवा, आणि दुसरं प्रूफ बघितल्याशिवाय मान्यता देऊ नका.

पुस्तक छापून आलं की परवानगी-तक्ता पुन्हा उघडा. ज्या संस्थांनी आणि घरांनी मानार्थ प्रत मागितली होती, त्यांची यादी करा, प्रती रवाना करा आणि पोच आली की तारीख लिहा. चारही फायली, मूळ फोटो आणि ध्वनिमुद्रणं दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर घालून एक संग्रहालयाच्या ग्रंथालयात नोंद करून द्या. पुढच्या आवृत्तीच्या वेळी तुम्ही तिथे नसाल, पण "१४७" ची नोंद कुणाला तरी लागेल.